एका सर्व्हरवर चाळीस मुले : हिशेब कुठे चुकतो?

शालेय शिक्षणातील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाविषयीचे राष्ट्रीय धोरण केंद्र सरकारने २०१२ साली जाहीर केले. शाळेच्या संगणक-प्रयोगशाळेत जाळ्याने जोडलेल्या किमान १० जागा असाव्यात, एका प्रयोगशाळेत जास्तीत जास्त २० जागा असाव्यात आणि तिथे एका वेळी ४० मुले बसावीत, असे या धोरणात म्हटले आहे. या जागा म्हणजे स्वतंत्र संगणकच हवेत असा मात्र आग्रह नाही. मध्ये एक सर्व्हर आणि त्याला जोडलेली ‘थिन क्लायंट’ पद्धतीची टर्मिनले, ही मांडणीही चालेल, असे धोरण सांगते. कागदावर हे जेमतेम एक वाक्य आहे. पण गेल्या वीस वर्षांत देशातल्या हजारो शाळांत संगणक कोणत्या रूपात पोचला, हे याच विचाराने ठरवले. आंध्र प्रदेशाने २००८ च्या सुमारास ५,००० शाळांसाठी हीच पद्धत निवडली. महाराष्ट्रातही पाच वर्षांच्या करारावर टप्प्याटप्प्याने ज्या प्रयोगशाळा आल्या, त्यांपैकी अनेक ठिकाणी एका संगणकाला अनेक पडदे जोडलेले आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील. या विचारामागचे गणित आणि भौतिकी आपण तपासून पाहू या. आणि तेही मालवणच्या किनाऱ्यावरची एखादी माध्यमिक शाळा डोळ्यांसमोर ठेवून, कारण पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत जे चालते ते आचऱ्याला किंवा देवबागला चालेलच असे नाही.

प्रथम कल्पना समजून घेऊ. ‘थिन क्लायंट’चे शब्दशः भाषांतर केले तर हसू येईल, तेव्हा आपण टर्मिनल हाच जुना शब्द वापरू. टर्मिनलमध्ये स्वतःचा असा फारसा मेंदू नसतो. तुम्ही कळ दाबली की ती बातमी सर्व्हरकडे जाते, विचार सर्व्हर करतो आणि पडद्यावर काय उमटवायचे तेवढेच परत पाठवतो. कल्पना नवी नाही. एका मोठ्या संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देण्याचे प्रात्यक्षिक अमेरिकेतल्या एम.आय.टी. मध्ये १९६१ सालीच झाले होते. पुढे संगणक स्वस्त झाले, प्रत्येकाच्या मेजावर आले आणि ही पद्धत मागे पडली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती पुन्हा पुढे आली. ‘नेटवर्क कॉम्प्युटर’ची घोषणा झाली, सन कंपनीचे ‘सन रे’ टर्मिनल १९९९ मध्ये बाजारात आले, आणि लिनक्सवर चालणारा, जुन्या संगणकांचे टर्मिनल करून वापरू देणारा एल.टी.एस.पी. हा मुक्त प्रकल्पही त्याच सुमारास सुरू झाला. लंबक एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला.

आता विक्रेत्याचा युक्तिवाद पाहा. तो म्हणतो, तुमच्या मेजावरचा संगणक बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. मूल एक ओळ टंकते, विचार करते, शेजाऱ्याशी बोलते. प्रोसेसर खरे काम करतो तो शंभरातली पाच मिनिटे. मग चाळीस प्रोसेसर कशाला? एकच घ्या, वाटून वापरा. आणि हा युक्तिवाद चुकीचा नाही! थोडी संभाव्यता जाणणारा अकरावी-बारावीचा विद्यार्थीही तो पडताळून पाहू शकेल. चाळीस मुले, प्रत्येक जण आपापल्या मनाने कुठल्याही क्षणी पाच टक्के शक्यतेने प्रोसेसर मागतो. तर एका क्षणी सरासरी दोनच मागण्या असतील. सहापेक्षा जास्त मागण्या एकाच क्षणी येण्याची शक्यता द्विपद वितरणाने काढली तर ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरते. म्हणजे सहा जणांपुरती ताकद असलेला सर्व्हर चाळिसांना सहज पुरावा.

मेख आहे ती ‘आपापल्या मनाने’ या शब्दांत. हे वितरण लागू पडते ते मागण्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील तर. बँकेतले कारकून, ग्रंथालयातले वाचक यांच्या बाबतीत ही अट बऱ्यापैकी पाळली जाते. वर्गात काय होते? बाई म्हणतात, “आता सगळ्यांनी चित्राच्या खुणेवर दोनदा टिचकी मारा.” चाळीस बोटे एकदम खाली येतात. शिकवणे म्हणजे चाळीस मुलांचे लक्ष एका क्षणी एका गोष्टीवर आणणे, आणि टर्मिनलच्या अर्थशास्त्राला नेमके तेच मारक आहे. वर्ग जितका शिस्तीचा, तितका सर्व्हर लवकर गुदमरणार. ज्या शाळेत मुले वाटेल ते करत बसली आहेत तिथे यंत्र सुरळीत चालेल आणि जिथे शिक्षक मन लावून शिकवतो आहे तिथे ते अडखळेल, असा हा उफराटा न्याय आहे. धोरण लिहिणाऱ्यांनी कार्यालयातली सरासरी उचलून वर्गात ठेवली. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

गुदमरणे म्हणजे काय, तेही आकड्यांत पाहण्याजोगे आहे. रांगांच्या गणिताचा एक साधा निष्कर्ष असा की सर्व्हर त्याच्या क्षमतेच्या निम्म्याने गुंतलेला असेल तर एका कामाला एकट्याने लागणाऱ्या वेळाच्या दुप्पट वेळ लागतो. ८० टक्के गुंतला की पाचपट, ९० टक्के गुंतला की दहापट, ९५ टक्क्यांना वीसपट. वाढ सरळ रेषेत होत नाही, शेवटी शेवटी ती कड्यासारखी उभी चढते. म्हणूनच “काल पंधरा मुलांना चालत होते, आज अठरा बसवली तर सगळेच थांबले” ही शिक्षकांची तक्रार आम्हांला वारंवार ऐकू येते आणि ती अगदी शास्त्रशुद्ध आहे. त्यांना मिळणारे उत्तर मात्र बहुधा “मुलांना हळू दाबायला सांगा” असे असते.

यावर तंत्रज्ञ म्हणतील, उपाय आहे की! एकाऐवजी अनेक सर्व्हर ठेवा आणि येणारे काम त्यांच्यात वाटा. याला भार-वाटणी म्हणतात. मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांचे उदाहरण घेऊ. समजा, होड्यांची पाळी लावली आहे : पहिला गट पहिल्या होडीला, दुसरा दुसरीला. ही सर्वांत सोपी वाटणी. पण एका गटात दोन माणसे आणि दुसऱ्यात सहलीची अठ्ठावीस पोरे असली तर पाळी न्याय्य दिसूनही भार असमान होतो. दुसरी रीत अशी की ज्या होडीत सध्या सर्वांत कमी माणसे, तिच्याकडे नव्याला पाठवायचे. ही चांगली, पण प्रत्येक वेळी सगळ्या होड्या मोजाव्या लागतात. १९९० च्या दशकात गणितज्ञांनी यातून एक सुंदर निष्कर्ष काढला : सगळ्या मोजू नका, कुठल्याही दोनच होड्या पाहा आणि त्यांतली रिकामी निवडा. एवढ्याने डोळे मिटून एक निवडण्यापेक्षा प्रचंड फरक पडतो आणि सगळ्या मोजण्याच्या श्रमाचा बराचसा लाभ मिळून जातो. संगणकाच्या मोठ्या केंद्रांत ही युक्ती सर्रास वापरतात.

परंतु भार-वाटणीला दोन अटी आहेत. वाटायला एकाहून अधिक सर्व्हर हवेत. शाळेला मिळतो एक. तेव्हा शाळेला दिलेल्या माहितीपत्रकात हा शब्द आला तर तो शोभेपुरता आहे असे खुशाल समजावे. आणि एकूण क्षमता तरी सर्वाधिक गर्दीला पुरणारी हवी. १६ जुलै २०२१ हा दिवस आपल्या चांगला लक्षात असेल. दहावीचा निकाल दुपारी एकला लागणार होता. पावणेसोळा लाखांच्या आसपास विद्यार्थी, त्यांचे पालक आणि शाळा यांनी एकाच घटकेला संकेतस्थळ उघडले आणि ते कित्येक तास उघडेना. ही घटका अचानक आलेली नव्हती, ती मंडळानेच जाहीर केलेली होती. ‘सरल’ प्रणालीत २०१५ पासून विद्यार्थ्यांची माहिती भरताना शिक्षकांनी ज्या रात्री जागवल्या, त्यांचेही कारण हेच : एकच अंतिम तारीख सर्वांना. तारखा जिल्ह्यावार मागेपुढे ठेवणे ही सुद्धा भार-वाटणीच आहे, आणि तिला एका पैशाचे यंत्र लागत नाही.

आता किनाऱ्यावर येऊ. इथे टर्मिनलच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि धोरणावर टीका करणाऱ्यांनी ते झाकू नये. साध्या संगणकात पंखा असतो. तो बाहेरची हवा आत ओढतो आणि तारकर्लीच्या हवेत मीठ असते. मीठ आणि दमटपणा मिळून स्मृतिपट्टीच्या संपर्कांवर पुटे चढवतात. मग जून-जुलैत एके दिवशी संगणक नुसताच ‘पी पी’ करतो आणि सर पट्टी काढून खोडरबराने घासून पुन्हा बसवतात. हा उपाय कुठल्याही पुस्तकात नसला तरी कोकणातल्या शिक्षकांना पाठ आहे. टर्मिनलला पंखा नाही, झरोके फारसे नाहीत, फिरणारी तबकडी नाही. ते या हवेत जास्त टिकावे हे भौतिकीला धरून आहे. घासायची पट्टी दहाऐवजी एकच!

विजेच्या बचतीचा दावाही खरा, पण फुगवलेला. विक्रेता सांगतो, टर्मिनलला पाच वॅट, संगणकाला शंभर, म्हणजे ९५ टक्के बचत. यात तो पडदा विसरतो आणि सर्व्हरही विसरतो. ढोबळ हिशेब करू. दहा संगणक, प्रत्येकी डबा ८० वॅट व पडदा २० वॅट, मिळून १,००० वॅट. दुसरीकडे सर्व्हर १५० वॅट, अधिक दहा टर्मिनले व पडदे प्रत्येकी २५ वॅट, मिळून ४०० वॅट. बचत ६० टक्के. हीसुद्धा मोठी आहे. वीज गेल्यावर तीच बॅटरी अडीचपट वेळ चालेल. जिथे पावसाच्या पहिल्या वाऱ्यात माडाची झावळी तारेवर पडते, तिथे अडीचपट म्हणजे एक तास पुरा होणे. खरा आकडा पुरेसा बोलका असताना खोटा का सांगावा हे आम्हांला कळत नाही.

पण याच किनाऱ्यावर एकाच सर्व्हरचा धोकाही दुणावतो. एक संगणक बिघडला तर नऊ उरतात, सर्व्हर बिघडला तर दहाही पडदे काळे. मग दोन लहान सर्व्हर घ्यावेत, प्रत्येकाला पाच टर्मिनले? समजा, एक सर्व्हर शंभरातले ९५ दिवस चालतो. दोन्ही एकाच दिवशी बंद असण्याची शक्यता ०.०५ गुणिले ०.०५, म्हणजे ०.२५ टक्के. दहा हजारांत पंचवीस दिवस! पण थांबा. हा गुणाकार करताना आपण पुन्हा तीच अट गृहीत धरली : दोन बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. दोन्ही सर्व्हर एकाच खोलीत, एकाच वीजजोडणीवर आणि एकाच भूसंपर्कावर असतील तर ते स्वतंत्र कसे? जांभ्याच्या सड्यावर भूसंपर्क चांगला मिळत नाही. कोरड्या दिवसांत हा खडक विजेला मोठा विरोध करतो, म्हणून कोळसा-मीठ घालून खड्डा ओला ठेवावा लागतो, आणि तो ओला ठेवणे हे कुणाचेच काम नसते. वळवाची वीज जवळ कडाडली की खोलीभर पसरलेल्या तारा अँटेनासारखे काम करतात आणि झटका सगळ्या तारांच्या टोकाशी, म्हणजे सर्व्हरशी पोचतो. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळाने तर मालवण तालुक्यातल्या गावांची वीज आणि मोबाइल मनोरे दोन्ही कित्येक दिवस घेऊन नेले. एकाचा आधार दुसऱ्याला उरला नाही. दोन सर्व्हर घ्यावेत, हे आमचे मत कायम आहे, पण एक कार्यालयात वेगळ्या जोडणीवर आणि एक प्रयोगशाळेत, असे असावेत.

बिनतारी जोडणीविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण इथे गैरसमज जास्त आहेत. तारा नकोत, वाय-फाय लावा, म्हणजे विजेचाही धोका टळेल, असे सुचवले जाते. वाय-फायची हवा मात्र सर्वांना मिळून एकच असते. एका वेळी एकानेच बोलायचे. त्यात नियम असा की प्रत्येकाला बोलण्याची संधी साधारण सारखी मिळते, वेळ नव्हे. समजा, खोलीत दहा टर्मिनले आहेत. नऊ जण सेकंदाला ५४ मेगाबिट वेगाने बोलतात, दहावे जाड चिऱ्याच्या भिंतीआड असल्याने ६ मेगाबिटने. प्रत्येकाने एकेक पुडके पाठवले तर नऊ जणांना नऊ एकक वेळ लागतो आणि एकट्या दहाव्याला आणखी नऊ! दहा एककांचे काम अठरा एककांत होते. भिंतीआड बसलेल्या एका मुलीमुळे सगळा वर्ग जवळजवळ निम्म्या वेगावर येतो आणि सगळे तिच्या यंत्राऐवजी सर्व्हरला दोष देतात. तिला भिंतीच्या अलीकडे बसवणे हा यावरचा उत्तम आणि फुकटचा उपाय आहे.

शाळा आणि सर्व्हर दोन वेगळ्या गावांत असतील तर? आता तीच रीत आली आहे. सर्व्हर शाळेत राहिलेला नाही, तो दूरच्या केंद्रात गेला आहे आणि मुलांच्या हातातला मोबाइल किंवा टॅब्लेट हेच टर्मिनल झाले आहे. अंतराची भीती बाळगण्याचे कारण नाही. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. पाचशे किलोमीटर जाऊन परत यायला त्याला पाच सहस्रांश सेकंद पुरतात. ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहामार्फत मात्र कळ दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत अर्धा सेकंद जातो, आणि अर्ध्या सेकंदाने उशिरा उमटणारी अक्षरे टंकणे किती वैतागाचे असते ते करून पाहावे. म्हणजे अडचण बहुधा लांबीची नसून शेवटच्या दोन-तीन किलोमीटरची असते. २०२० च्या टाळेबंदीत आपल्या जिल्ह्यातली मुले अभ्यासासाठी टेकड्यांवर चढून बसली, ती याच शेवटच्या टप्प्यामुळे.

खाडीवरून बिनतारी दुवा टाकण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो, कारण मध्ये झाड नाही, घर नाही. पण पाणी हा रेडिओलहरींचा आरसा आहे. एक लहर सरळ पोचते, दुसरी पाण्यावर आपटून, उलटी होऊन पोचते. दोन्ही अँटेना पाण्यापासून १० मीटर उंच आणि २ किलोमीटर अंतरावर आहेत असे धरा. दोन वाटांतला फरक, उंचींच्या गुणाकाराची दुप्पट भागिले अंतर, १० सेंटिमीटर येतो. वाय-फायची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. हा फरक तरंगलांबीइतका झाला की उलटलेली लहर सरळ लहरीला पुसून टाकते. ओहोटीने पाणी सुमारे १.२ मीटर उतरले की अँटेना पाण्यापासून ११.२ मीटरवर जाते आणि फरक बरोबर साडेबारा सेंटिमीटर होतो! भरतीला तपासून ‘ठीक आहे’ असा शेरा मारलेला दुवा ओहोटीला मरतो. कार्यालयात तक्रार नोंदवून माणूस येईपर्यंत पाणी पुन्हा चढलेले असते. अँटेना आणखी उंच करणे हा इथे उपाय नव्हे. मध्यम पाण्यापासून आठ मीटरच्या आसपास ती ठेवली तर फरक तरंगलांबीच्या निम्म्याजवळ राहतो आणि पाऊण मीटर वरखाली झालेल्या पाण्याने काही बिघडत नाही. धोरणाच्या कागदात समुद्र नसतो, हे आम्ही समजू शकतो. पण निविदेतही तो नसावा?

बिनतारी दुवे ग्रामीण भागात चालत नाहीत असा याचा अर्थ कुणी काढू नये. आय.आय.टी. मुंबईच्या संशोधकांनी पालघर जिल्ह्यातल्या गावांत दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरी-पट्ट्यावर आणि पुढे वाय-फायच्या पट्ट्यावर असे दुवे टाकून दाखवले आहेत. प्रत्येक दुव्यासाठी जागा पाहून हिशेब केला तर ते चालतात.

आपल्याच राज्यातले आणखी एक उदाहरण या चर्चेत फारसे येत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा साखर कारखान्याच्या परिसरात १९९८ मध्ये सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्याचा गाजावाजा खूप झाला. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या संशोधकांनी पाहिले की गावातल्या संगणकावरून शेतकऱ्याला हवे असते ते उसाचे वजन, तोडणीची पावती, खताचा हिशेब. म्हणजे दोन-चार आकडे. त्यांनी सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी मोबाइलवरचा लघुसंदेश वापरून पाहिला. एका टोकाला साधा फोन, दुसऱ्या टोकाला कारखान्यातला संगणक. सगळी कामे झाली, खर्च कमी झाला आणि शेतकऱ्यांना ते अधिक सोयीचे वाटले. याहून ‘थिन’ क्लायंट कोणता असणार? तिथे पद्धत का जमली ते पाहा. प्रश्न लहान, उत्तर लहान आणि प्रत्येक शेतकरी आपल्या वेळेला विचारणार. मागण्या स्वतंत्र होत्या.

शाळेचे काम असे नाही. शिवाय शाळेत संगणक केवळ उत्तरे मिळवायला आणलेला नसतो, तो स्वतः अभ्यासाचा विषय असतो. टर्मिनलवर मुलाला काही उघडता येत नाही, काही बसवता येत नाही, काही बिघडवता येत नाही. व्यवस्थापकाच्या दृष्टीने हा गुण आहे. विज्ञानशिक्षकाने त्याला गुण म्हणू नये. केरळने आपल्या शाळांसाठी मुक्त प्रणाली स्वीकारली आणि शिक्षकांनाच प्रशिक्षण देऊन यंत्रणा त्यांच्या हाती दिली. आपल्याकडे यंत्रणा करारावर आली, संगणकशिक्षकही करारावर आले, आणि पाच वर्षांनी करार संपल्यावर कुलूपबंद खोलीत सर्व्हरचा परवलीचा शब्द कुणालाच ठाऊक नाही अशी अवस्था काही शाळांत आम्ही पाहिली आहे. एल.टी.एस.पी. सारख्या मुक्त प्रणालीवर तोच सर्व्हर आणि तीच टर्मिनले आठवी-नववीच्या चार मुलांकडून पुन्हा उभी करून घेता येतात. पद्धत तीच राहते, फक्त तिची किल्ली शाळेत येते.

आपल्या शाळेत अशी प्रयोगशाळा चालू असेल तर एक तपासणी अवश्य करावी. पाच मुलांना एकदम एकच कार्यक्रम उघडायला सांगा आणि शेवटच्या पडद्यावर तो उघडेपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजा. मग दहा मुले, पंधरा, वीस. प्रत्येक संख्येला तीन वेळा मोजून सरासरी घ्या आणि आलेख काढा. त्यानंतर तीच वीस मुले, पण प्रत्येकाने आपल्या हजेरी-क्रमांकाप्रमाणे तीन-तीन सेकंदांनी कळ दाबायची. आता प्रत्येकाने स्वतःची कळ दाबल्यापासून कार्यक्रम उघडेपर्यंतचा वेळ शेजाऱ्याने टिपायचा. खाडीपलीकडून जोडणी येत असेल तर महिनाभर संपर्क तुटल्याच्या वेळा एका वहीत लिहाव्यात आणि शेजारच्या रकान्यात पंचांगातल्या तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ मांडावी. वही भरायला विद्यार्थीच नेमावेत. त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरी होडी असते आणि पाणी कधी चढते-उतरते ते त्यांना आपल्याहून बरे कळते.